तिसरा रकाना

कोणी गेलं नाही, हे आधीच सांगते.
म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

मोंतेविदेओत नदी समुद्राएवढी रुंद होते
आणि तरी स्वतःला नदीच म्हणवते.
तिथल्या एका दुसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं
रक्तपेढीचं सॉफ्टवेअर लिहीत होतो.
पहिल्या दिवशी बोर्डावर एकच कार्ड:
‘रक्त वेळेवर पोहोचलं पाहिजे.’
आनिबाल म्हणाला, हे काम नाही, ही प्रार्थना झाली.
तोडा.

हिमेनाचं बालपण उत्तरेकडच्या उसात गेलं.
ती म्हणाली, बेण्याची टिपरी करताना
प्रत्येकीला एक तरी डोळा राहू द्यावा लागतो,
नाहीतर ती जमिनीत नुसती कुजते.
मग आम्ही एकेका चिठ्ठीला विचारत बसलो:
बाई, तुला डोळा आहे का?
‘डेटाबेस’ – नाही. फेकली.
‘पिशवीची तारीख संपत आली की लाल दिवा’ – आहे.
‘ओ निगेटिव्ह मागितलं की जवळची तीन गावं’ – आहे.
‘रात्री ड्रायव्हर उचलत नसेल तर दुसऱ्याला फोन’ –
आहे, आणि टक्क उघडा आहे, वॉशिंग्टन म्हणाला.
(वॉशिंग्टन इथलाच. इथले आजोबा अशी नावं ठेवून गेले.)

सत्तावीस चिठ्ठ्या. तीन रकाने:
करायचं, चालू, झालं.
चालूमध्ये एका वेळी तीनच.
चौथी सरकवणाऱ्याने सगळ्यांना बिस्किटं आणायची.
मार्चभर आनिबालची बिस्किटं खाल्ली.

एप्रिलमध्ये इथे भिंतींना घाम येतो.
नदीचा ओलावा कागदात शिरतो, गोंद हात सोडतो.
रात्री आठला एलिदा येते, बादली आणि रेडिओ घेऊन.
पडलेलं उचलायचं, जागेवर ठेवायचं,
तीस वर्षं हेच केलं तिने.
हीटरखाली एक पिवळी चिठ्ठी सापडली.
हिची जागा कुठली?
पहिला रकाना खचाखच.
मधल्यात तिघी, आणि बिस्किटांचं तिला माहीत होतं.
तिसऱ्यात ऐसपैस जागा.
तिथे चिकटवली. अंगठ्याने नीट दाबलीसुद्धा.

सकाळी प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने केलं.
टाळ्या वाजवल्या.
तपासणी माझ्याकडे होती.
मी सगळा कोड तपासला,
आणि जो लिहिलाच नव्हता
त्यात एकही चूक सापडली नाही.

ताक्वारेम्बोत पहाटे दोनला
ड्रायव्हरचा फोन अकरा वेळा वाजला, उशीखाली.
त्यानंतर कोणाचाच वाजला नाही.
पिशवी चाळीस मिनिटं फ्रीजच्या दारात उभी.
शेवटी ग्लादिस नर्सने शेजारच्या बेकरीवाल्याला उठवलं;
रक्त पावाच्या गाडीतून गेलं.
बाई वाचली. मुलगी झाली.
वजनही कळवलं त्यांनी, का कोण जाणे.

हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं,
आणि शेपटावर आम्हीच हिरवी खूण केलेली.

मग चुकीचे तुकडे करायला बसलो. सवयच ती.
गोंद कोणाचा? ओलावा कोणाचा?
टाळ्यांमध्ये पहिली कोणाची?
एकाही तुकड्याला डोळा सापडेना.
एलिदा दारात पोछा धरून उभी होती.
म्हणाली, जागा तिथेच होती.
कोणी काही बोललं नाही.
हिमेनाने तिच्यापुढे कोरी चिठ्ठी धरली.

तिने पेन्सिलीने लिहिलं, मोठ्या अक्षरात:
‘पडलेलं टेबलावर ठेवणे. एलिदा.’
आणि मधल्या रकान्यात लावलं,
गोंदावर विश्वास न ठेवता, चारी बाजूंनी टेप मारून.

आठवड्याने वॉशिंग्टनने ते ‘झालं’मध्ये नेलं.
दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत मध्ये होतं.
त्याने पुन्हा नेलं. पुन्हा परत.
या वेळी टेप दुहेरी.

आता चालूमध्ये आमच्या वाट्याला दोनच जागा उरतात.
बिस्किटं पुन्हा सुरू झाली आहेत.